‘गॅस झालाय, सकाळी बघू’: हार्ट अटॅक आणि स्ट्रोकमध्ये वेळ नेमका कुठे जातो

२००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतातल्या जवळपास २१ हजार हृदयरुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. ‘क्रिएट’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यातले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. त्रास सुरू झाल्यापासून हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत ३६० मिनिटं. दारात पोचल्यापासून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळेपर्यंत ५० मिनिटं. हे मधले आकडे आहेत, म्हणजे निम्म्या रुग्णांना याहूनही जास्त वेळ लागला. हॉस्पिटलात उशीर झाला की आपण तावातावाने भांडतो. भांडावंही. पण सहा तास गेले ते त्याआधीच.

पाहणी जुनी आहे. तेव्हापासून रस्ते सुधारले, १०८ची रुग्णवाहिका आली, तालुक्याच्या गावी ईसीजी निघू लागला. घरातलं बोलणं मात्र तेच राहिलं. रात्री साडेअकराला नवरा अंथरुणात उठून बसतो आणि छाती चोळू लागतो. ‘काय होतंय हो?’ ‘काही नाही गं, संध्याकाळची भजी बाधली.’ ओवा चावून होतो, सोडा पिऊन होतो. एक ढेकर येतो आणि दोघांनाही हायसं वाटतं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. मग डब्यातली पित्ताची गोळी शोधली जाते, तिची तारीख उलटून गेलेली असते, तरी घेतली जाते. दोन वाजता कुजबुज चालते ती मुलाला उठवायचं का यावर. त्याची सकाळची शिफ्ट आहे, राहू दे. साडेचारला बनियन घामाने पिळून निघण्याइतकं ओलं होतं, तेव्हा कुठे दिवा लागतो. तरी ठरतं काय, तर सात वाजता फॅमिली डॉक्टरांकडे जाऊ.

या घरात कुणीही निष्काळजी नाही. सगळ्यांनी आपापल्या परीने काहीतरी केलंय. फक्त जे करायला हवं होतं ते सोडून.

छातीच्या आत काय चाललेलं असतं

आपल्याला वाटतं, रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं चरबी साचत जाते आणि एक दिवस नळी पूर्ण बुजते. पुष्कळदा तसं होत नाही. वाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर असतो आणि त्याच्यावर एक पातळ आवरण असतं. ते आवरण फाटतं. आतली चरबी रक्ताच्या संपर्कात येते, शरीराला वाटतं जखम झाली, आणि विळीवर बोट कापल्यावर शरीर जे करतं तेच ते इथे करतं: रक्त गोठवायला घेतं. बोटावर त्या गुठळीने आपण वाचतो. हृदयाची वाहिनी जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, तिथे तीच गुठळी रस्ता बंद करते. हे सगळं काही मिनिटांत होऊ शकतं. म्हणूनच ‘मागच्या महिन्यात तर स्ट्रेस टेस्ट केली, सगळं नॉर्मल होतं’ या वाक्याला अटॅकच्या रात्री काही अर्थ नसतो. तीस-चाळीस टक्केच जागा अडवून बसलेला थरसुद्धा फाटू शकतो, आणि तसा थर स्ट्रेस टेस्टमध्ये दिसेलच असं नाही.

वाहिनी पूर्ण बंद झाली की तिच्यावर जगणारा हृदयाचा स्नायू वीसेक मिनिटांनंतर मरायला लागतो. आधी आतला थर, मग हळूहळू बाहेरचा. सहा तासांत त्यातला बराचसा गेलेला असतो. पहिल्या तास-दोन तासांत वाहिनी उघडली तर खूप काही वाचतं. बारा तासांपर्यंत उघडण्याचा फायदा होतो, पण तो दर तासाला घटत जातो. मेलेला स्नायू पुन्हा येत नाही. त्या जागी व्रण तयार होतो आणि व्रण आकुंचन पावत नाही. पुढे लोक सांगतात ना, ‘इको केला, पंपिंग तीसच टक्के राहिलंय’, ते हेच. माणूस वाचतो, पण दुसऱ्या मजल्यावर चढताना त्याला दोनदा थांबावं लागतं.

दुखतं कुठे, आणि पोटात का वाटतं

हृदयाकडून येणाऱ्या संवेदनांच्या नसा आणि डाव्या हाताच्या, खांद्याच्या, छातीच्या नसा पाठीच्या कण्यात जवळपास एकाच पातळीवर शिरतात. मेंदूला संदेश मिळतो, पण तो नक्की कुठून आला हे उमगत नाही. म्हणून हृदयाचं दुखणं हातात जाणवतं, जबड्यात जाणवतं, पाठीत दोन पात्यांच्या मधे जाणवतं. दाढ दुखतेय म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलेले रुग्णही असतात. हृदयाच्या खालच्या बाजूला झटका आला तर मळमळ होते, उलटी होते, पोटाच्या वरच्या भागात जड वाटतं. ‘गॅस’चा गैरसमज इथून येतो आणि तो अगदी स्वाभाविक आहे. ढेकर आल्यावर बरं वाटलं यावरून काहीही सिद्ध होत नाही.

छातीत ‘दुखतं’ हा शब्द रुग्ण स्वतः फार कमी वेळा वापरतात. ‘दडपण आल्यासारखं वाटतं’, ‘आवळल्यासारखं होतं’, ‘छाती भरून आली’, ‘जीव घाबरा झाला’ असं सांगतात. दाखवताना एका बोटाने जागा दाखवत नाहीत, मूठ किंवा पंजा छातीच्या मध्यावर ठेवतात. डाव्या बाजूलाच दुखलं पाहिजे असंही नाही. सोबत दरदरून घाम, धाप, हात भरून येणं, चेहरा पांढराफटक पडणं यातलं काही असेल तर शंका आणखी दाट होते. पंखा चालू, थंडीचे दिवस, तरी कपाळावर घाम, हे लक्षण मला स्वतःला सगळ्यात बोलकं वाटतं. घाम कुणी सोंग म्हणून आणू शकत नाही, आणि ‘मला काही झालं नाही’ म्हणून तो लपवताही येत नाही.

आता ज्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते ते लोक. मधुमेह खूप वर्षांचा असेल तर नसा बोथट झालेल्या असतात, दुखणं जाणवतच नाही. नुसती धाप लागते, नुसता थकवा येतो. वयस्कर माणसं एकदम गळून जातात, कधी गोंधळल्यासारखी बोलतात. बायकांमध्येही छातीत दुखतं, पण त्याच्याबरोबर धाप, मळमळ, पाठदुखी, विलक्षण थकवा हे जास्त दिसतं. आणि घरात बाईने ‘आज फार दमल्यासारखं वाटतंय’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: दगदग झाली असेल, जरा पड. आधी स्वयंपाक उरकून मग पडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. कुणाला जिना चढताना किंवा झाडून काढताना नेहमी लागत नाही इतकी धाप अचानक लागली, तर तीही तितकीच गंभीर बाब आहे.

वयाचा भरवसाही नको. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या जगभरातल्या ५२ देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं मधलं वय ५३ निघालं. इतर देशांत ते ५९च्या आसपास होतं. ‘अजून पन्नाशीही नाही माझी’ हा युक्तिवाद आपल्याकडे चालत नाही.

मग घरी ओळखायचं कसं, गॅस की हृदय? माझं सरळ मत आहे: ओळखायचंच नाही. नाडी बघून, पोट दाबून हे निष्णात डॉक्टरलाही सांगता येत नाही. त्यासाठी ईसीजी लागतो. काही मिनिटांत निघतो आणि त्याला फार खर्चही येत नाही. छातीवरचं दडपण पाच-दहा मिनिटं बसून राहिल्यावरही गेलं नाही, किंवा जाऊन पुन्हा आलं, की निघायचं. गॅस निघाला तर आनंदाने घरी यावं. फुकट धावपळ झाली म्हणून कुणी हसलं तर हसू द्यावं.

इथे एक बारकावा आहे. पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो, असं नाही. झटक्याच्या सुरुवातीला तो नॉर्मल दिसू शकतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं, त्यालाही काही तास लागतात. म्हणून चांगले डॉक्टर थांबवून घेतात आणि पुन्हा काढतात. ‘पैसे काढायला थांबवतायत’ असा संशय घेण्याची ही वेळ नव्हे.

निघेपर्यंत काय करायचं

माणसाला बसवा किंवा टेकून झोपवा, ज्यात त्याला बरं वाटेल तसं. जिने उतरायला लावू नका. खुर्चीत बसवून चौघांनी उतरवा. ‘मी चालत जातो, एवढं काही झालं नाही’ म्हणणाऱ्याला तर नक्कीच नको. स्वतः गाडी चालवत जाणं, किंवा दोघांच्या मधे बसून मोटरसायकलवर जाणं, हे दोन्ही टाळा. वाटेत हृदय थांबलं तर काहीही करता येत नाही.

१०८ला फोन करा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. फोन करताना ‘पेशंट सीरियस आहे’ एवढंच न सांगता ‘छातीत दडपण, घाम, वय अमुक’ असं सांगा आणि ओळखीची खूण द्या: मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, शाळा. रुग्णवाहिका प्रत्येक वेळी झटपट येतेच असं सांगणं खोटं ठरेल. यायला फार वेळ लागणार आहे असं कळलं आणि दारात चारचाकी उभी असेल, तर तिने निघा. रुग्ण मागच्या सीटवर, शेजारी एक जण.

ॲस्पिरिन हे एकच औषध घरी देण्यासारखं आहे. साधारण ३०० मिलिग्रॅम, चावून खायची. पाऊणशेच्या गोळ्या असतील तर चार. गिळली तर उशिरा विरघळते, चावली तर लवकर लागू पडते. ॲलर्जी असेल, पोटात रक्तस्राव होऊन गेला असेल तर द्यायची नाही. आणि शंका स्ट्रोकची असेल तर अजिबात नाही, त्याचं कारण पुढे येईल. जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, ठेवायची सवय अनेक घरांत आहे. ज्याला डॉक्टरांनी आधीच लिहून दिली आहे त्याने सांगितल्याप्रमाणे बसून घ्यावी. शेजाऱ्याच्या पाकिटातली उसनी गोळी देऊ नये. रक्तदाब कमी असेल तर ती आणखी खाली आणते, आणि लैंगिक क्षमतेसाठी घ्यायच्या काही गोळ्यांबरोबर ती जिवावर बेतते. कुणी तसली गोळी घेतली असेल तर डॉक्टरांना सांगताना लाजू नये.

कुठे न्यायचं? हा प्रश्न लोक गाडीत बसल्यावर विचारतात, तो आज विचारून ठेवायचा आहे. मोठी गुठळी अडकली असेल तर उत्तम उपाय म्हणजे लगेच अँजिओप्लास्टी, म्हणजे बारीक नळी आत घालून बंद वाहिनी उघडणं. त्याला कॅथलॅब लागते, म्हणजे हे काम जिथे करतात ती खास खोली. तुमच्या जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात कॅथलॅब आहे आणि रविवारी रात्री दोन वाजता ती उघडते का, हे फोन करून आधीच विचारता येतं. पाटीवर ‘हार्ट’ लिहिलेलं आहे एवढ्यावर जाऊ नका. कॅथलॅब दोन तासांपेक्षा लांब असेल तर जवळच्या हॉस्पिटलात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच घ्यायचं आणि मग पुढे जायचं. ‘इथे काही करू नका, आम्ही थेट पुण्यालाच नेतो’ हा हट्ट अशा वेळी महागात पडतो.

गोव्याने हे चांगलं बसवलं आहे. २०१८च्या अखेरीस तिथे ‘स्टेमी गोवा’ हा प्रकल्प सुरू झाला. छोट्या सरकारी केंद्रातच ईसीजी काढायचा, तो लगेच ऑनलाइन तज्ज्ञांनी वाचायचा, झटका पक्का असेल तर इंजेक्शन तिथेच द्यायचं आणि रुग्णाला १०८ने बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात हलवायचं. महाराष्ट्रातही काही सरकारी रुग्णालयांत अशी सोय झाली आहे. तुमच्या उपजिल्हा रुग्णालयात ती आहे का, हे विचारून ठेवण्यासारखं आहे.

मेंदूचा झटका: दुखत नाही, म्हणून जास्त धोका

स्ट्रोकला आपण अर्धांगवायू म्हणतो, पक्षाघात म्हणतो, लकवा म्हणतो. गावाकडे ‘वारं गेलं’ म्हणतात. हृदयाच्या झटक्यात निदान छाती तरी काहीतरी सांगत असते. स्ट्रोक बहुतेक वेळा दुखत नाही. सकाळी चहा पिताना कप हातातून निसटतो. बशी फुटते, सगळे हसतात. दुसरा कप दिला जातो आणि त्यातला चहा ओठाच्या एका कोपऱ्यातून हनुवटीवर ओघळतो. ‘बाबा, नीट धरा की.’ बाबा काहीतरी बोलतात ते कुणाला कळत नाही, कवळी लावली नसेल असं वाटतं. त्यांना खुर्चीतून उठवायला जावं तर एक पाय ओढला जातो. मग कुणीतरी म्हणतं, अशक्तपणा आलाय, झोपू द्या थोडं.

त्या झोपेत मेंदूच्या पेशी मरत असतात. मेंदूची मोठी वाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी जातात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला.

ओळखण्यासाठी तीन गोष्टी करायला सांगा. हसायला किंवा दात दाखवायला सांगा: चेहऱ्याची एक बाजू मागे राहते का? डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, मनात दहा मोजा: एक हात खाली येतो का? एक सोपं वाक्य म्हणायला सांगा, ‘अंगणात तुळस लावली आहे’: शब्द बोबडे, भलतेच, की येतच नाहीत? तिन्हीपैकी एक जरी चुकलं आणि ते अचानक चुकलं असेल, तर निघायचं. याखेरीज अचानक तोल जाणं, एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, आणि आयुष्यात कधी झाली नव्हती अशी एका क्षणात कळस गाठणारी डोकेदुखी, ही लक्षणंही त्याच यादीत येतात. या सगळ्यांत महत्त्वाचं आहे ते ‘अचानक’पण. महिनाभरापासून हळूहळू हात दुखतोय, तो बहुधा वेगळा विषय.

‘मला काही झालं नाही’ या रुग्णाच्या बोलण्यावर इथे मुळीच जाऊ नका, आणि त्याला कारण आहे. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झाला तर डावं अंग लुळं पडतं, आणि काही रुग्णांना ते लुळं पडलंय हेच उमगत नाही. आपला डावा हात हलतोय असं ते मनापासून सांगतात. हा हट्टीपणा नसतो. ज्या भागाने ते ओळखायचं तोच भाग बंद पडलेला असतो. मेंदूच्या डाव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये अनेकांची वाचा जाते, त्यांना कळत असूनही सांगता येत नाही. दोन्हीकडून निर्णय बघणाऱ्याचाच.

घरात जे काही केलं जातं, त्यातलं जवळजवळ सगळं इथे नडतं. तोंडात पाणी, साखर, चहा घालू नका. गिळण्याचे स्नायूही लुळे पडलेले असू शकतात, पाणी फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. रक्तदाब मोजला आणि १९० दिसला म्हणून डब्यातली बीपीची गोळी देऊ नका. अडलेल्या भागाकडे रक्त ढकलण्यासाठी शरीराने तो मुद्दाम वाढवलेला असतो, तो एकदम खाली आणला तर नुकसान वाढतं. ॲस्पिरिनही नाही. स्ट्रोक दोन तऱ्हेचे असतात: वाहिनीत गुठळी अडकून होणारे आणि वाहिनी फुटून होणारे. पहिल्या प्रकारचे जास्त. पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, फरक फक्त स्कॅनमध्ये कळतो. फुटलेल्या वाहिनीवर रक्त पातळ करणारी गोळी म्हणजे उलट उपचार.

एक काम मात्र जरूर करा. घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा, विशेषतः मधुमेही माणसाची. साखर फार खाली गेली की हुबेहूब स्ट्रोकसारखं चित्र दिसतं. ती कमी निघाली तर वाटेत फोनवर डॉक्टरांना सांगा.

आणि घड्याळ बघा. त्रास कधी लक्षात आला हे तर हवंच, पण डॉक्टर आणखी एक वेळ विचारतील: शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं? गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास मोजले जातात त्या शेवटच्या धडधाकट क्षणापासून. सकाळी सहाला उठले तेव्हा तोंड वाकडं होतं, पण रात्री अकराला नीट बोलून झोपले होते, तर घड्याळ अकरापासून चालू. मात्र ते रात्री तीनला बाथरूमला गेले होते आणि येताना सुनेला ‘पंखा कमी कर’ म्हणाले होते, असं कुणाला आठवलं, तर चार तास परत मिळतात. एवढ्या एका आठवणीवर उपचार ठरू शकतो.

साडेचार तास टळले म्हणून घरी थांबायचं नाही. मोठ्या वाहिनीतली गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढता येते. हे सहा तासांपर्यंत करतात, आणि निवडक रुग्णांमध्ये, स्कॅन बघून, २४ तासांपर्यंतही. २०१८ पासून जगभर हे मान्य झालंय. सोय मात्र मोजक्या शहरांत आहे. तुमच्या भागात रात्रंदिवस सीटी स्कॅन कुठे चालतो आणि स्ट्रोकचं इंजेक्शन कुठे देतात, एवढं तरी ठाऊक असू द्या. स्कॅन नसलेल्या दवाखान्यात सलाइन लावून दोन तास काढणं म्हणजे साडेचारातले दोन तास घालवणं.

आता सहीबद्दल. हा विषय आपल्याकडे कुणी काढत नाही आणि तिथेच गाडी अडते. डॉक्टर स्कॅन बघून म्हणतात, इंजेक्शन देऊ, पण मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका आहे, सही करा. ते ऐकून घरचे हबकतात. ‘मोठे भाऊ निघालेत, दोन तासांत येतील, त्यांना विचारून सांगतो.’ धोका खरा आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत झालेल्या ज्या चाचणीमुळे हे औषध आलं, तिच्यात सहा टक्क्यांच्या जरा वर रुग्णांमध्ये गंभीर रक्तस्राव झाला. पण त्याच चाचणीत औषध मिळालेले रुग्ण तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण बरे असण्याची शक्यता निदान तीस टक्क्यांनी जास्त होती, आणि रक्तस्रावाचा धोका धरूनच हा हिशेब आहे. थांबण्यातही धोका आहे, फक्त त्यावर कुणी सही मागत नाही. भावाला फोनवर सांगा, डॉक्टरांशी बोलणं करून द्या, आणि दहा मिनिटांत हो किंवा नाही ठरवा.

दहा मिनिटांत बरं झालं तर?

हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, आणि पंधरा मिनिटांत सगळं जागेवर आलं. घरात देवाला नारळ फोडला जातो. वैद्यकीय दृष्टीने ही धोक्याची पक्की सूचना आहे, कारण गुठळी आली होती आणि आपोआप विरघळली. यानंतर मोठा स्ट्रोक येण्याची भीती सगळ्यात जास्त असते ती पहिल्या दोन दिवसांत. त्याच दिवशी दाखवलं तर औषधांनी ती बरीच टाळता येते. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेऊन चालत नाही.

व्हॉट्सॲपवरचे इलाज

सुईने बोटांची आणि कानांच्या पाळ्यांची टोकं टोचून रक्त काढा, स्ट्रोक बरा होतो, हा मेसेज कितीतरी वर्षं फिरतोय. त्याला कसलाही आधार नाही. एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, हाही तसाच. कबुतराचं रक्त चोळणं, अमक्या गावचं तेल लावणं, नाकाला कांदा लावणं यांनी शरीराचं थेट नुकसान फार होत नसेलही, पण त्या तेलाच्या गावाला जाऊन यायला दीड दिवस लागतो. नंतर फिजिओथेरपीबरोबर मालिश करायची तर डॉक्टरांना विचारून करा. आधी स्कॅन.

माणूस कोसळलाच तर

हार्ट अटॅकमध्ये वाहिनी बंद होते, हृदय सहसा धडधडत असतं. हृदय थांबणं ही वेगळी गोष्ट, आणि अटॅकमुळे ते केव्हाही होऊ शकतं. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा मधूनच आचका दिल्यासारखा घुरघुरता श्वास आहे, तर हृदय थांबलंय असं धरा. त्या आचक्यांना ‘श्वास चालू आहे’ समजून लोक थांबतात. कडक जमिनीवर उताणं झोपवा, छातीच्या मध्यावर एका पंजावर दुसरा पंजा ठेवून, कोपर ताठ करून, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. तोंडाने श्वास देता येत नसेल तर नका देऊ, दाबणं थांबवू नका. दमलात की दुसऱ्याने घ्यायचं. बरगडी मोडेल का? मोडू शकते, आणि ती जुळते.

पैशाचं काय

रात्री दोन वाजता माणूस हलत नाही याचं हे एक न बोललेलं कारण असतं. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं की जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, डॉक्टर सरकारी असो की खासगी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. २०२३ मध्ये तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा आणि ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. अट अशी की हॉस्पिटल योजनेत असलं पाहिजे. म्हणून कॅथलॅबची चौकशी कराल तेव्हा हाही प्रश्न विचारा. तिथे योजनेचा मदतनीस, ‘आरोग्यमित्र’, बसतो, त्याला गाठा. रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स, जुने रिपोर्ट, आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत ठेवलेली असली की निघताना कपाट उपसावं लागत नाही. गोळ्यांची पाकिटं विशेष गरजेची: रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर गुठळीचं इंजेक्शन द्यायचं की नाही, ते त्यावरून ठरतं.

आईवडील एकटे आणि मुलं परदेशात

पुण्यातल्या सोसायट्यांपासून सांगली-साताऱ्याच्या वाड्यांपर्यंत असं घर आता सगळीकडे आहे. न्यू जर्सीतून किंवा लंडनहून १०८ लागत नाही. आईवडिलांच्या शेजारच्यांचा, सोसायटीच्या वॉचमनचा, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीचा थेट नंबर मुलांच्या फोनमध्ये असायला हवा. घराची एक किल्ली शेजारी. व्हिडिओ कॉलवर आईचं बोलणं जड वाटलं, ओठ एका बाजूला ओढलेला दिसला, तर ‘नेटवर्क खराब आहे’ म्हणून फोन ठेवू नका, तिथल्या तिथे हसायला आणि दोन्ही हात वर करायला सांगा. शंका आली तर आईशी बोलणं चालूच ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून शेजाऱ्यांना लावा. आणि जो एकटा आहे त्याने छातीत दडपण आलं तर १०८ला फोन करायचा, उठता येत असेल तर दाराची कडी काढून ठेवायची, दाराजवळच जमिनीवर टेकून बसायचं, आणि मग शेजाऱ्यांना फोन करायचा. कडी आतून लावलेली असेल तर बाहेर येऊन थांबलेल्या माणसांचा वेळ दार फोडण्यात जातो.